आतली कडी

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईला आम्ही खोडरबर म्हणतो. नाव मीच ठेवलं. तिला ते आवडतं असं ती म्हणते, खरंखोटं तिचं तिला ठाऊक.

आम्ही चार-पाच जण दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. एका छोट्या प्रकाशनाकडे आलेल्या गोष्टी छापण्याआधी आमच्याकडे येतात. ज्याने जे भोगलंय त्याने ते वाचायचं आणि सांगायचं, की बाबा रे, इथे तू ऐकीव लिहिलंस, इथे वाचणाऱ्याला विनाकारण दुखेल. पैसे नाहीत. चहा मिळतो, तोही पाणचट. मी निवृत्त नर्स, त्यामुळे दवाखाने आणि मरणं माझ्या वाट्याला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असलेल्या म्हाताऱ्याला लेखकमंडळी पानभर भाषण करायला लावतात, त्यांचे कान मी उपटते. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांच्या गोष्टी खोडरबरकडे जातात.

कारण ती स्वतः त्यातलीच. भाजी आणायला जाते असं सांगून भर दुपारी लहान मुलीला घेऊन बाहेर पडली, ती परत गेली नाही. "कुठेही जा, शोधून काढीन," असं तो माणूस कायम म्हणायचा आणि तिने ते शब्द खरे धरले. गावं बदलली, आडनाव बदललं. मुलगी मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, तरी हिची भीती काही कमी झाली नाही. खोलीत कुठेही बसवा, ही दाराकडे तोंड करूनच बसणार. आमच्या ग्रुप फोटोत ही कधीच नसते. घराच्या दाराला आतून तीन कड्या. शनिवारी आपण नेमकं काय करतो हे तिने मुलीलाही सांगितलेलं नव्हतं. "वाचनालयात जाते," एवढंच.

आमच्याकडे एक नियम आहे. कोणी वाचलं हे लिहिणाऱ्याला कळत नाही आणि कोणी लिहिलं हे आम्हाला. गोष्टीवर नुसता क्रमांक असतो. आमच्या संपादक बाईंनाही निवड होईपर्यंत नाव माहीत नसतं. आम्ही पेन्सिलीने शेरे लिहितो, बाई ते टाइप करून प्रकाशनाच्या कचेरीत पाठवतात, तिथून क्रमांक बघून ते लिहिणाऱ्याला जातात, म्हणजे अक्षरावरूनही ओळख पटू नये. हा नियमही आणि टायपिंगचा हट्टही खोडरबरचाच. तिची वाचायची पद्धतही न्यारी. आधी मनात येईल ते खरमरीत लिहायचं, मग रबराने खोडून तेच सौम्य शब्दांत लिहायचं. निघताना तिच्या जागेवर रबराचा हा एवढा चुरा पडलेला असायचा.

त्या शनिवारी तिच्या जागेवर चुरा नव्हता. गोष्ट वाचताना तिची मान वर झाली नाही. रबर डबीतच राहिला. कागद बाईंच्या हातात कोंबून ती चहा न घेताच निघाली, म्हणून मीही मागोमाग निघाले. जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबली आणि कठडा धरून खाली बसली.

"सिस्टर, मी मुलगी लिहिलं."

"म्हणजे?"

"गोष्टीत मूल आहे. मुलगा की मुलगी, कुठेच लिहिलेलं नाही. मी शेऱ्यात मुलगी लिहिलं."

मग तिने मला ती गोष्ट सांगितली. एका घरात एक मूल, बाप आणि आई. आई सारखी न्हाणीघरात जाते आणि आतून कडी लावून बसते. मूल बाहेरून दार वाजवतं, आई ओ देत नाही. मग बाप येतो, मुलाला दूध-बिस्किट देतो. एकदा ते मूल आपल्या बाहुलीची हिरवी फणी दाराखालून आत सरकवतं. फणी आत ओढली जाते, पण दार उघडत नाही. शेवटी ते मूल मोठं होतं आणि कोणाच्याही बंद दारासमोर उभं राहू शकत नाही.

"हे माझं घर आहे," ती म्हणाली. "ती फणी माझी आहे, म्हणजे माझ्या पोरीची. आणि 'ती आतून कडी लावून बसते' हे त्याचं वाक्य. शेजारपाजाऱ्यांना हेच सांगायचा, पोरीलाही हेच. गोष्टीत चांगला झालाय बघा, दूध-बिस्किट देतोय."

"आणि तू काय लिहिलंस?"

"खरं ते लिहिलं. न्हाणीघराला आतून कडीच नव्हती. कडी बाहेरून होती, वर, चौकटीला लागून, बोळातल्या अंधारात पोरीला दिसणार नाही अशी. मी कोंडून घेतलं नव्हतं, मला कोंडलं होतं. आणि आवाज केलास तर पुढची पाळी मुलीची, असं सांगून ठेवलं होतं, म्हणून ओ दिली नाही."

लिहिताना तिला वाटत होतं, असले नवरे घरोघरी असतात, बोलतातही सगळे एकसारखंच. राग डोक्यात होता, तो उतरल्यावर फणीचा अर्थ लागला आणि भीती वर आली, की ही गोष्ट त्यानेच लिहिलीय. आता तो माणूस तो शेरा वाचणार आणि त्याला कळणार, की आपली बायको जिवंत आहे आणि या प्रकाशनाच्या आसपासच कुठेतरी आहे.

आम्ही धावत वर गेलो. संपादक बाईंच्या कामाचा उरक दांडगा, आणि तोच नडला. शेरा टाइप होऊन गेलासुद्धा होता.

"परत मागवता येईल का?" मी विचारलं.

"कसा मागवणार? आणि नाव म्हणाल तर मलाही माहीत नाही. नियम तुमच्याच आग्रहाने केला ना?" बाई खोडरबरकडे बघून म्हणाल्या. बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. खोडरबरने मान हलवली आणि रबराची डबी उगाचच पिशवीत टाकली.

पुढचे दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. मी एकदा चष्म्याची दांडी ढिली झाल्याचं निमित्त करून दुकानात गेले. एक उंच माणूस पाठमोरा उभा राहून फ्रेम्स बघत होता आणि ही काउंटरमागे भिंतीला चिकटून उभी. तो वळला. कोणीतरी भलताच, दाढीवाला, वाचायचा चष्मा हवा होता त्याला. हिच्या हातातला बारीक स्क्रू खाली पडला तो शेवटपर्यंत सापडला नाही.

"फोन आला होता," ती कुजबुजली. "दुकान कधी बंद होतं विचारलं आणि ठेवून दिला."

"अगं, गिऱ्हाईक असेल."

"असेल," ती म्हणाली. पण त्या दिवशी ती मागच्या दाराने घरी गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. फोन बंद. रविवारी दुपारी मी तिच्या घरी गेले, बेल दाबली, वाजली नाही. मी नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे तीन कड्या निघाल्या आणि मी आत जाताच परत लागल्या. बेलची वायर तिने काढून टाकली होती. पडदे ओढलेले, पलंगावर भरलेली बॅग.

"उद्या पहाटे निघते. पोरीला तिथे पोचल्यावर कळवीन."

"तिथे म्हणजे कुठे?"

तिला माहीत नव्हतं. मला रागच आला. तिचा नाही, त्या मेल्याचा. इतकी वर्षं लोटली आणि अजून त्याच्या धाकाने ही बाई बॅग भरतेय! पण मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू. जिन्यात पावलं वाजली की आम्ही दोघीही बोलायच्या थांबायचो.

बसल्या बसल्या मी तीच गोष्ट डोक्यात घोळवत होते. आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांच्या हकिकती ऐकल्यात, कोण कुठे होतं हे विचारायची सवयच लागलीय.

"ती फणी आत आली, तेव्हा तो कुठे होता गं?"

"घरात नव्हता. मला कोंडून कामाला गेला होता."

"नंतर त्याने बघितली?"

"छे! मी ब्लाउजमध्ये लपवली. सापडली असती तर पोरीला..." ती मध्येच थांबली.

"मग त्याला फणी कशी ठाऊक?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात दार वाजलं.

आम्ही दोघी जागच्या जागी गोठलो. पुन्हा वाजलं, हलकेच, खालच्या बाजूला. लहान मूल वाजवतं तसं, हात पोचेल तिथे. खोडरबरने माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. ओ द्यायची नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं.

"आई," बाहेरून आवाज आला. "मी आहे. फोन का बंद आहे तुझा?"

तिची मुलगी होती. आवाजावरून खाली बसलेली वाटत होती, दाराला टेकून.

"आई, ती गोष्ट मी लिहिली होती. मला त्यांचा शेरा आला. तो तूच लिहिलास ना?" "मला वाटायचं, तू मला बाहेर ठेवायचीस. बाबा तसंच सांगायचे. आई, कडी खरंच बाहेरून होती?"

खोडरबर उठली. दाराशी गेली. पहिली कडी निघाली, दुसरी निघाली. तिसरी नेहमी अडकते, आणि आता तर हलेचना. बाहेर पोरीला वाटलं असेल, आजही आई दार उघडत नाही. तिने पुन्हा एकदा दार वाजवलं.

"हो गं, बाहेरून होती," खोडरबर दाराला तोंड लावून मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "तू थांब तिथेच. जाऊ नकोस. ही कडी आतून आहे, उघडते मी."