एमेलिनाची सुरी

एमेलिना आणि मी काबाइग्वानच्या चिरूट कारखान्यात एकाच बाकावर तंबाखूची पानं वळायचो आणि घरी एकाच खाटेवर झोपायचो. मला नवरा टाकून गेलेला, पदरी एक मुलगी. रेशनच्या वहीत मी एमेलिनाची मावसबहीण. गल्लीला खरं ठाऊक होतं, पण सरकारी वहीपुढे कोण बोलणार?

आमचे हात चालायचे तेव्हा उंच खुर्चीवर बसून एकजण पेपर, कादंबऱ्या वाचून दाखवी. आवडलं तर पानं कापायची सुरी पाटावर टकटक वाजवायची, नाही आवडलं तर जमिनीवर टाकायची. एमेलिना महाकंजूष, तिची सुरी कुणासाठी वाजत नसे. एकाहत्तर साली ओदालिस वाचायला आली आणि पहिल्याच दिवशी एमेलिनाची सुरी अशी वाजली की माझ्या हातातलं पान फाटलं.

घरीही तेच. "काय गं तिचा आवाज, उसाच्या रसासारखा!"

"रसावर माश्या फार बसतात," मी म्हणायचे.

एका सकाळी ओदालिस वाचता वाचता एमेलिनाकडे बघून हसली. माझा हात मला विचारायला थांबला नाही. खण्णकन सुरी खाली! बाकीच्यांना वाटलं, वाचणारी काहीतरी चुकली. पटापट शंभर सुऱ्या पडल्या. ओदालिस रडतच उतरली.

शनिवारी सभा ठरली: तिला ठेवायचं की काढायचं? त्या सकाळी एमेलिनाने पिशवी भरली.

"तोमासा, तुझ्यापायी त्या पोरीची खुर्ची गेली तर मी आईकडे चालले. अगं, मी आवाजावर भुलणारी असते तर तुझ्या घोरण्यापाशी इतकी वर्षं काढली असती का?"

सभा कारखान्यातच भरली, सगळे आपापल्या बाकावर. अध्यक्षाने विचारलं, "कॉम्रेड तोमासा, सुरी का टाकलीत?"

खरं सांगायची सोय नव्हती. मावसबहिणीवरून कुणी एवढं जळतं का?

"हाताला घाम होता."

"म्हणजे वाचन वाईट नव्हतं?"

एमेलिना खिडकीबाहेर बघत होती, पिशवी पायाशी. मी सुरी उचलली आणि पाटावर वाजवली. एकटीच. मग मागून दुसरी, तिसरी, सगळा कारखाना. सगळ्यात शेवटी एमेलिनाची.

संध्याकाळी पिशवी रिकामी करताना ती म्हणाली, "उद्या ओदालिसला कॉफीला बोलावलंय हं."

तेव्हापासून ती येते. एमेलिना जाऊन सहा वर्षं झाली, तरी येते. मी तिला कान तुटलेल्या कपातच कॉफी देते.

"आजी, चांगले कप आहेत की!" नात म्हणते.

असू देत.