भामाबाईची स्पॅनिश

म्हसवडकडची भामाबाई पाचगणीला सिस्टरांच्या आश्रमात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर कामाला होती. छप्पन्न सालात घरच्यांबरोबर बौद्ध झाली आणि त्याच वर्षी तिनं पाटीवर पहिलं अक्षर काढलं. शिकायची भूक तेव्हापासून लागली ती लागलीच.

आश्रमाच्या थोरल्या मदर इनेस स्पेनच्या. खुरपता खुरपता भामाबाई त्यांना त्यांची भाषा विचारत राही.

"आवं मदर, आमच्यात तो तवा, ती चूल, ते ताट. तुमच्यात नुसतं तो आन् ती. तिसरं कुठं गेलं?"

"आमच्या आजीनं विकून खाल्लं!" मदर हसत.

"आन् 'हाय'ला दोन शब्द कशापायी?"

"एक कायमचं, एक आत्तापुरतं."

"मग म्हातारपन कशात धरायचं?"



अशी नऊ वर्षं गेली. भामाबाई थांबत थांबत का होईना, पण मदरांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागली. आमच्या माणदेशच्या बाईनं हे करून दाखवलं.

सदुसष्ट साली मदरना अर्धांगाचा झटका आला. मराठी गेली, इंग्रजी गेली, मायबोली तेवढी उरली. मुंबईहून एक मोठ्या सिस्टर गाडी घेऊन आल्या. तिथल्या आश्रमात स्पेनच्या दोन म्हाताऱ्या सिस्टर होत्या. पण मदरांच्या मनाविरुद्ध त्यांना न्यायचं नव्हतं.

"बाई, तुम्हीच विचारा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "जायचं म्हणाल्या तर नेते, नाहीतर राहू देत."

मदर गेल्या तर आश्रमात भामाबाईचं असं कोण उरणार होतं? खाटेशी बसून तिनं विचारलं. मदर बराच वेळ अडखळत बोलल्या. खोलीत दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळलं नाही.

स्वयंपाकीण राहीबाई कानाशी लागली, "ऱ्हाते म्हनाली, असं सांग की! कुनाला कळतंय?"

भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्यास्नी जायाचं हाय," ती म्हणाली. "माझं बोलनं गोड लागतं म्हनत्यात. पन त्यांच्या ल्हानपनीची गानी माझ्यापाशी न्हाईत. ती ज्यास्नी येत्यात, त्यांच्यात बसायचंय त्यास्नी."

"येडी हायस तू," राहीबाई पुटपुटली.

"व्हय."

मदरना तिनंच उचलून गाडीत बसवलं, पायांवर शाल घातली. मग मोठ्या सिस्टरांना म्हणाली, "डाव्या कुशीवर निजवू नका. आन् च्यात साखर कमी घाला म्हनतील, पर तुमी दोन चमचं घाला. त्या लाजून कमी सांगत्यात."