महादेवप्पाची मांडी

निलंग्यात महादेवप्पाच्या तब्येतीचं लई कौतुक. वय अडुसष्ट, पण पहाटे औराद रस्त्यानं पुलापर्यंत फेरी, गुडघ्यांना करडईचं तेल, रात्री अर्धीच भाकर आणि इष्टलिंगाच्या पूजेला तासभर घट्ट मांडी. पोटं सुटलेले व्यापारी पोरांना सांगत, "अप्पाकडं बघून शिका!" स्वतः मात्र गादीवरून हलत नसत.

अप्पा हे सगळं जगण्यासाठी करत नव्हता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात त्याचा थोरला भाऊ गुरुपादप्पा लिंगैक्य झाला. लिंगायतांत माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. जमीन दगडासारखी झालेली, खणणारे दिवसभर खडी फोडून आलेले. महादेवप्पाला त्यांची दया आली. "बस्स झालं, एवढा पुरे," तो म्हणाला. खड्डा वीतभर कमी पडला. भावाचे गुडघे आत मावेनात. मग एक गुडघा महादेवप्पानं दाबला, दुसरा शेजारच्या विरूपाक्ष अडत्यानं. आत काहीतरी मोडलं. आवाज मोठा नव्हता. वाळकी तुराटी मोडावी एवढाच.

तो आवाज पुढं घरातच राहायला आला. बायकोनं, शरणम्मानं, चुलीत घालायला तुराटी मोडली की अप्पा ताटावरून उठायचा. "धूर होतो," म्हणायचा. शेवटी ती नुसत्या गोवऱ्या जाळायला लागली. गोवऱ्यांचा धूर काय कमी होता! पण अप्पा जेवायचा.

आपले गुडघे मऊ राहिले पाहिजेत, म्हणजे मेल्यावर आपल्याला कुणी दाबणार नाही, एवढ्यासाठीच सगळी फेरी न् तेल.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला आणि त्याच साली अप्पाचा उजवा गुडघा सुजला. नव्या जिल्ह्याच्या डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो उजेडाला धरला.

"हळूहळू चाला. मांडी मात्र बंद. खुर्चीवर बसायचं."

"किती दिवस?"

"आता कायमचंच, बाबा."

दुसऱ्या दिवशी अप्पा फेरी सोडून थेट विरूपाक्षाच्या ओट्यावर गेला.

"विरूपाक्षा, माझा खड्डा मोठा खणून घे. मला दाबू देऊ नको."

विरूपाक्षाची बशी ओठापाशीच थांबली. "सकाळी सकाळी काय बोलायलास, अप्पा? तोंड तरी धुतलं का?"

"शब्द दे."

विरूपाक्षानं बशी खाली ठेवली. मग बराच वेळ तो स्वतःच्या तळहाताकडं बघत बसला.

"दुसऱ्या बाजूला मीच होतो की," तो म्हणाला. "तुला कानात ऐकू येत असंल. मला हातात येतंय."

"धा वर्षांत बोलला न्हाईस."

"तू बोललास?"

अप्पानं सुजलेला गुडघा हातानं चोळला.

"दिला शब्द. आन् माझ्या वेळंला? पोरांना लई घाई असती."

"मी हाय की."

म्हणून झालं आणि दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. जो मागं राहील त्याचा खड्डा कोण बघणार, हे कुणीच विचारलं नाही.

तेव्हापासून फेरीला दोघं निघू लागले. विरूपाक्षाच्या चहातली साखर अप्पानं बंद केली. अप्पा कुठं खाली टेकला की विरूपाक्ष ओरडायचा, "खुर्ची आणा रे!" गाव म्हणालं, म्हातारपणी काय दोस्ती जमली!

रस्त्यात एक जण खोकला की दुसरा जागीच थांबायचा.

"काय झालं?"

"काही न्हाई. चल."

पण थांबलेला लगेच चालायचा नाही. आधी त्याचा श्वास नीट ऐकून घ्यायचा.