बन्नूरच्या मामाचं बोलावणं

तंटे कसे मिटवावेत यावर बोलायला मी पुण्याहून म्हैसूरला गेले होते. व्याख्यान आटोपलं, आणि विजयनगरात ज्यांच्याकडे उतरले होते त्या शालिनीताईंनी मला कामाला जुंपलं. "नुसतं सांगून काय उपयोग री (अहो)? उद्या आमच्याबरोबर बन्नूरला चला."

बन्नूरला त्यांचा धाकटा भाऊ पांडुरंग शिवणकाम करतो. पूर्वी त्याचं आणि ताईंचे यजमान महादेवराव यांचं म्हैसुरात एकच दुकान होतं. महादेवरावांनी पाटी नवी केली आणि तिच्यावर मेहुण्याचं नाव घातलं नाही. तेव्हापासून अबोला. आता ताईंच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि बोहल्यावर तिच्या पाठीशी मामा उभा राहणार की नाही, या एकाच विचारानं ताई हैराण झाल्या होत्या.

बस उसाच्या नि भाताच्या शेतांमधून निघाली. महादेवराव खिशातली अक्षतांची पुडी चाचपत होते. बन्नूरला उतरल्यावर स्टँडवरच्या हॉटेलात जे बसले ते हलेनात. "त्यानं तोंडावर दार लावलं तर? तुम्ही व्हा पुढे." मला रागच आला. एवढ्या लांब येऊन हा माणूस कॉफी पीत बसणार!

"बन्नी, बन्नी (या, या)," पांडुरंगानं हसून स्वागत केलं. ताईंनी एकट्यांनीच त्याला नि त्याच्या बायकोला कुंकू लावून आमंत्रण दिलं, तसा त्याचा चेहरा उतरला. मी आपला पाटीचा विषय काढला.

"पाटीचं बिडी (सोडा) हो," तो म्हणाला. "आमच्यात बोलावणं नवरा-बायको जोडीनं करतात. अक्का (ताई) एकटीच आली. म्हणजे भावोजींच्या मनात नाही. मी कसा येऊ?"

नवऱ्याचा भित्रेपणा माहेरी कसा सांगायचा, म्हणून ताई गप्पच. मध्यस्थानं इकडचं तिकडे सांगू नये, असं मी आदल्याच दिवशी व्याख्यानात बजावलं होतं. तरी सरळ सांगून टाकलं, "भावोजी स्टँडवर बसलेत. तुम्ही दार लावाल म्हणून घाबरतात."

पांडुरंग ताडकन उठला. "स्टँडवर? आणि ऊट (जेवण)?" त्यानं घराला कुलूप घातलं आणि बायकोसकट आम्हां सगळ्यांना घेऊन निघाला.

त्याला पाहून महादेवराव गडबडून उठले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. त्यांनी पुडी सोडली, ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि दोघांनी तिथंच, कॉफीचे कप बाजूला सारून, बोलावणं केलं. पांडुरंगानं अक्षता हातात घेतल्या. "आता घरी चला भावोजी, जेवायचं थांबलंय."

परतीच्या बसमध्ये मी विचार करत बसले. पाटीबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्या शास्त्राप्रमाणे मूळ तंटा जसाच्या तसा होता, आणि मला ते टोचतही होतं. समोरच्या बाकावर शालिनीताई नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपल्या होत्या. म्हैसूर आलं, तरी त्यांना उठवणं आम्हां दोघांच्याही जीवावर आलं.