जमनाबाईंचा बांगडा

कानडी मुलखातल्या होसकोट्यात जमनाबाईंच्या हाताचं नाव असं, की मटणाचा रस्सा उकळू लागला की गल्लीतली माणसं उगीचच ख्यालीखुशाली विचारायला यायची. पण मासळी? नुसतं नाव काढलं तरी बाईंचा पदर नाकाला! "शी! मेल्याला पापण्यासुद्धा नाहीत. ताटात पडला तरी बघतोय आपल्याकडं!" त्या घरात पिढ्यान् पिढ्या बकरं शिजलं, मासा कधी उंबरा ओलांडून आत आला नाही.

तो आला सुनेमुळं. मुलगा गिरीराज व्हाइटफील्डला नोकरीला, तिथंच त्याला वेंगुर्ल्याची प्रणिता भेटली. आता तिला पाचवा महिना होता आणि पोटात काही ठरत नव्हतं. भात उलटायचा, दूध उलटायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. जमनाबाईंचा रस्साही बेसिनमध्ये गेला, तेव्हा त्या हरल्या.

"काय खावंसं वाटतं ते सांग तरी गं."

"बांगडा," प्रणिता डोळे मिटून म्हणाली. "पाऊस सरला की आमच्या किनाऱ्याशी येतो, आई. हजारोंनी. पाण्यावर ढगाची सावली पडावी तसं दिसतं आणि ती सावली चालू लागते. एक वळला की सगळे वळतात. तोंडं उघडी टाकून पोहतात."

"उघडी टाकून? कशाला?"

"पाणी आत घेतात, कल्ल्यांतून सोडतात. कल्ल्यांत कंगव्यासारखे दाते असतात, त्यात बारीक बारीक जीव अडकतात. तेच जेवण."

"म्हणजे समुद्राचा गाळ गाळून खातो म्हण की!" जमनाबाईंनी तोंड वाकडं केलं. पण कित्येक दिवसांनी पोरगी हसली होती. सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या.

बाजारातला तो वास, पायाखालचं ते चिकट पाणी! कोळ्यानं कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवला. लाल म्हणजे ताजं, एवढं बाईंना मटणावरून ठाऊक. रिक्षात पिशवी हातभर लांब धरून बसल्या, तर रिक्षावाला म्हणतो, "मीनु का अक्का, मासा? स्वल्प बाहेर धरा की!"

घरी पोट चिरलं, तर आत काळपट, लिबलिबीत. बाईंनी तोंड फिरवून, बोटांच्या टोकांनीच ती घाण काढली. मग घराण्याच्या रीतीप्रमाणं मीठ-हळद चोळली, ओल्या फडक्यात गाठोडं बांधलं आणि शेगडीच्या वर खुंटीला टांगलं. मटण असंच मुरतं. संध्याकाळी खमंग तळून ताट पुढं ठेवलं.

प्रणितानं कण जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. "आई, चुरचुरतंय. कुणी खाऊ नका हा."

"चुरचुरतंय? मसाला आहे तो!" बाईंना ते लागलं. त्यांच्या हातचं ताट आजवर कुणी मागं सारलं नव्हतं. "बघ, मीच खाते!" आणि जन्मात मासा न चाखलेल्या जमनाबाईंनी, डोळे घट्ट मिटून, अंगावर शहारे येत असताना, अख्खा बांगडा गिळला.

थोड्याच वेळात तोंड लालभडक, कान गरम, अंगभर गांधी. गिरीराज घरात शिरला तो ओरडलाच, "आई, तू मासा खाल्लास?" दवाखान्यात इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, उबेत राहिला की या माशात विष तयार होतं, ते तळूनही जात नाही.

"खुंटीला टांगला होतात? बांगडा?" प्रणितानं कपाळावर हात मारला. "आई, तो बर्फातून थेट तव्यावर जातो हो!"

"मेलं मटण बरं. टांगून घेतं बिचारं," जमनाबाई मान खाजवत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंगावरच्या गांधी मिटायच्या होत्या, तरी बाई पुन्हा बाजारात. या खेपेला रश्श्याचा मोठा डबा बर्फानं भरून. त्यातून बांगडा काढला, साफ केला, मीठ, चिंच, तिखट लावून थेट तव्यावर. सारं घर वासानं भरलं. नाकावर पदर बांधून त्या बेसिनपाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या.

प्रणिता सावकाश जेवली. गिरीराज नुसता बघत होता. तांब्या भरलेलाच राहिला.

"अजून एक आहे, आई?"

जमनाबाईंनी मान वळवून, चिमट्यानं दुसरा बांगडा ताटात ठेवला. तो वटारलेला डोळा त्यांच्याकडंच बघत होता.

"बघतोस काय मेल्या," त्या पदराआडून पुटपुटल्या. "जा आत. आणि तिथंच राहा!"