बातम्यांतली गावं

बासष्ट साली चीनशी लढाई सुरू झाली तेव्हा मी डोणगावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. वडील कधीचेच गेलेले. घरात आई आणि मी, आणि मोठा भाऊ फौजेत. तो कुठे होता ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच्या पत्त्यात गावाचं नाव नसे, नुसते आकडे. शेवटच्या पत्रात एवढंच होतं की थंडी फार आहे, बादलीतलं पाणी सकाळी दगडासारखं होतं. त्यामुळे बातम्यांत डोंगरातलं कुठलंही नाव आलं की आईला वाटे, पोरगा तिथेच आहे.

ग्रामपंचायतीत बॅटरीवरचा रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांना माणसं ओट्यावर बसत. आम्ही बौद्धवाड्यातली माणसं बाजूला कडुलिंबाखाली उभी राहत असू. तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि वर या असंही कुणी म्हटलं नव्हतं. आई दिवसभर कापूस वेचून येई आणि चूल पेटवायच्या आधी तिथे जाई. बातम्यांची मराठी तिला अर्धीच कळे. ती गावांची नावं तेवढी धरून ठेवी आणि घरी येताना मला विचारी, "हे तवांग कुठीसा आहे वं?"

आईचा चुलतभाऊ इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढून आला होता. वाड्यात त्याला सगळे हवालदार म्हणत, मी मामा म्हणे. बातम्या संपल्या की आमची माणसं त्याच्याभोवती जमत. तो बिडी पेटवी आणि सांगे, "मागं येऊन नवे मोर्चे बांधले म्हनते. म्हंजे जागा सोडली. शर्थीनं लढले म्हनते. म्हंजे मानसं गेली. अन् रोज येनारं नाव दोन दिस आलं नाई, तं ते ठिकान आपल्या हातात नाई समजा."

हे एकदा ऐकल्यावर मला बातम्या पहिल्यासारख्या ऐकताच येईनात. सांगणाऱ्याचा आवाज संथ असे, शब्द धीराचे असत, आणि मी त्यांतून गाळलेलं शोधत बसे. शाळेत फळ्यावर बेरीज लिहिताना हात मध्येच थांबे. काल एक नाव आलं होतं, आज आलं नाही, हेच डोक्यात फिरे.

मेहकरच्या गाडीनं आदल्या दिवशीचा पेपर येई. कापसाचा व्यवहार करणारे एक अडते तो ओट्यावर मोठ्यानं वाचत. शत्रूची किती माणसं पडली ते दोनदा वाचत. एके दिवशी मामा कडुलिंबाखालून म्हणाला, "शेठ, त्याईचे मेले ते छापलं. आपले किती, ते कोनत्या पानावर आहे?"

अडत्यांनी चष्मा काढला. "हवालदार, पोरं तिकडं जीव देऊन राह्यले, अन् तुमी इथं लोकायले भेव घालता?"

"मी नाई भेव घालत. इचारून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी ठाण्यातला शिपाई मामाकडे आला. अफवा पसरवणाऱ्यांना आत टाकायचा हुकूम आहे, एवढंच सांगून चहा न घेता गेला. मामानं पंचायतीकडे येणं बंद केलं.

मग आई माझ्याकडे वळली. म्हणाली, "तू शिकलेली आहेस. त्याच्यासारखं ऐक, अन् मले खरं सांग."

मी हो म्हटलं. दिवाळी होऊन गेली होती. वाड्यात दिवे कुणी फारसे लावलेच नव्हते. पुढे एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की तवांगच्या अलीकडचं बोमदिला पडलं. या वेळी नवे मोर्चे नव्हते, शर्थ नव्हती. सरळ पडलं म्हणून सांगितलं. अडत्यांनी घडी घातलेला पेपर तसाच मांडीवर धरून ठेवला होता. मला उलगडून पाहायचं काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. सरकारला आता लपवताही येत नाही, असं वाटलं.

वाटेत आईनं विचारलं, "काय म्हने?"

"काही खास नाही," मी म्हटलं.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, आणि घराकडे न जाता सरळ मामाच्या दाराशी गेली. मी मागे.

"भाऊ, बोमदिला पडलं म्हनते. माहा पोरगा तिथीच असन का?"

मामा उंबऱ्यावर बसला होता. तो जराही अडखळला नाही. "नाई बाई. त्याची पलटन लडाखकडं आहे. ते अलग, दुसऱ्या टोकाले. तिथं आपले पक्के आहेत."

त्याला हे कुठून कळणार? पत्रं मीच वाचत होते, लडाखचा शब्द कधी आला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो चपलेचा अंगठा नीट करू लागला. आम्हाला बातम्या सोलून दाखवणारा माणूस आईपुढे धडधडीत खोटं बोलला होता, आणि मी गप्प राहिले. त्या दिवशी आई अर्धी भाकर जेवली. आधीचे दोन दिवस तिनं नुसत्या चहावर काढले होते.

थोड्या दिवसांत चीननं आपणहून लढाई थांबवल्याची बातमी आली. ओट्यावर कुणालाच ती खरी वाटेना. अडतेसुद्धा म्हणाले, "दुश्मनाच्या तोंडचं कसं मानावं?" आम्ही तरी रोज जातच राहिलो. रेडिओवर आता दुसरं काही लागे, आणि माणसं उठून जात. आई मात्र शेवटपर्यंत उभी असे.

पोस्टमन आला तो पुष्कळ दिवसांनी, मी शाळेतून परतले तेव्हा. आईनं पाकीट हातात घेऊन वरचं अक्षर पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मुलाचं अक्षर ती ओळखत होती.

"हे त्याचं अक्षर नाई," ती म्हणाली. "फोडू नको."

तिनं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि मी ते तसंच धरून बसले. माझीही हिंमत होत नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "फोड आता." साताऱ्याकडच्या कुणा जवानानं लिहून दिलं होतं. भाऊ दवाखान्यात होता. बर्फानं उजव्या हाताची बोटं गेली होती. बोमदिल्याच्या वरच्या बाजूला त्याची पलटण होती, आणि तिथून ते बरेच दिवस जंगलातून चालत आले होते.

मी मोठ्यानं वाचलं, एक शब्द न गाळता. आईनं तीनदा वाचायला लावलं.

उन्हाळ्यात तो घरी आला. हाताला तीन बोटं कमी. लोक भेटायला येत आणि तिकडचं विचारत. तो पाणी पिऊन, हं हं करून वेळ काढी. एकदा आम्ही दोघंच अंगणात ज्वारी पाखडत होतो, तेव्हा मी विचारलं, "बोमदिला पडलं ते तुम्हाला आमच्या आधीच कळलं असेल ना?"

"नाई," तो म्हणाला. "एका साहेबाजवळ रेडिओ होता. त्यानं बातम्यांत आयकलं, मंग आमाले सांगतलं. आमची परतायची वाट तिथूनच होती."

"मग?"

"मंग आमी रस्ता सोडला, जंगल धरलं," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं सूप पुढे सरकवलं.