आक्कांच्या परसातला सलाद

आक्का रागानं बोलायला लागल्या की गल्लीतली भांडणं थांबत. लोक आपलं सोडून त्यांचं ऐकायला येत. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागले आणि आक्कांच्या घरात खोली घेतली. पहिल्याच दिवशी तांदळाचं धुवण मी मोरीत ओतत होते, तर त्यांनी हातातलं पातेलं हिसकावलं. "पाणी फेकायलीस? दुष्काळ हाय, दिसत न्हाई?"

ते पाणी परसातल्या सलादच्या वाफ्याला जाई. आता शहरात त्याला लेट्यूस म्हणतात. आक्कांचे यजमान हैदराबादेत एका बंगल्यावर माळी होते. गावी परतताना त्यांनी हे बी आणलं. ते वारल्यावरही आक्का दर हिवाळ्यात वाफा करीत आणि पुढच्या वर्षासाठी बी धरीत.

ऊन चढायच्या आत बाहेरची पानं तोडायची, गाभ्याला हात लावायचा नाही. मी एकदा लावला तर चापट बसली. "जगू दे की त्याला!" त्या साली बाजारात हिरवं पान दिसत नव्हतं. आम्ही दोघी एका ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ती गार, कुरकुरीत पानं खायचो.

आमच्या साहेबांकडे मुंबईचे पाहुणे यायचे होते आणि सलाद कुठं मिळेना, म्हणून ते चिडले होते. "आमच्या घरी आहे की," मी पटकन बोलून गेले. मला साहेबांच्या नजरेत भरायचं होतं, दुसरं काही नाही.

दुपारी शिपाई आला. आक्का टँकरच्या रांगेत होत्या. मी म्हटलं, थोडी पानं तोडून न्या. त्यानं सगळा वाफा मुळासकट उपटला. बियांसाठी राखलेली, दांडे वर आलेली तीन झाडंही धरली.

"अहो, ती नको."

"साहेबांना तसं सांगू का?"

मी बाजूला सरले.

आक्का घागर घेऊन आल्या. रिकामा वाफा बघितला, मला विचारलं आणि शिपायाचं कळताच तशाच साहेबांच्या बंगल्यावर निघाल्या. मी मागोमाग. तिथं मागच्या दाराशी झाडांचा ढीग पडला होता. कोवळी पानं तेवढी खुडून बाकी सगळं फेकलेलं. बियांचे दांडे मोडलेले, त्यांतून चीक गळत होता.

आक्कांचा चढलेला आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "एवढ्याशा पाल्यासाठी आरडाओरडा?"

"पान तोडायची अक्कल न्हाई," आक्का म्हणाल्या, "आन् जिल्हा चालवाया आलात!"

साहेब माझ्याकडे वळले. "घरचं आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

मी मान खाली घातली. त्या मानेचा मला आजही संताप येतो. साहेबांचा तर येतोच.

आक्कांनी ती तीन झाडं पदरात आणून पुन्हा लावली. दोन दिवसांत वाळली. मी हैदराबादहून नवं बी मागवलं. ती पुडी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "म्हैना भरला की खोली सोड," एवढंच म्हणाल्या.

निघताना मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.

"सायबावरचा राग उतरंल माझा," त्या म्हणाल्या. "त्याला काय ठावं? तू माझ्यासंगं एका ताटात जेवलीस."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.